डूव्हल ट्रिपल हॉपला गुण द्यायचे कसे?

नाशिककर_लूव्हन

मंडळी, इथे बिअरवर फारसे धागे निघत नाहीत. पण बेल्जियमात राहणारे बरेच जण वाचतात हे माहीत आहे, म्हणून विचारतोय.

लूव्हनला आमच्या लॅबमधली काही टाळकी महिन्यातून एकदा एका बिअरवर बसतात. नुसतं पिऊन उठायचं नाही, प्रत्येकाने कागद भरायचा. कागद बीजेसीपीचा (बिअर परीक्षकांची अमेरिकन संस्था): सुगंध 12, रूप 3, चव 20, माउथफील (तोंडातला स्पर्श) 5, एकंदर 10, मिळून 50. यावेळी डूव्हल या बेल्जियन बिअरची ट्रिपल हॉप सिट्रा होती (हॉप म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारं वेलीचं फूल, सिट्रा हा त्याचा एक वाण). 33 सेंटीलिटरची बाटली, 9.5 टक्के. मी दिले सुगंध 7, रूप 3, चव 12, माउथफील 3, एकंदर 6. बेरीज 31. शेजारी बसलेल्या मेखेलेनच्या सहकाऱ्याने 42 दिले. माझा कागद वाचून तो काही बोलला नाही, नुसत्या भुवया वर केल्या. तेच जास्त लागलं.

माझी टिपणं जशीच्या तशी देतो: "फेस पांढरा, भरपूर, शेवटपर्यंत टिकला, ग्लासला जाळी. रंग फिकट सोनेरी, शेवटी ओतताना गढूळ. नाकाला पपनस, मोसंबीची साल, थोडा पेरू. मागे मिरी? नाशपती? चव आधी गोडसर, मग एकदम कोरडी. कडूपणा आयपीएच्या मानाने कमी. अल्कोहोल घशाला गरम. हॉप्स अजून हवे होते."

मला तीन गोष्टी कळत नाहीत. ही नक्की कोणत्या जातीची बिअर धरायची? मोसंबीचा वास हॉप्सचा की यीस्टचा, हे कसं ओळखायचं? आणि तळाचा गाळ ग्लासात घ्यायचा की नाही?

बंड्या_बावधन

एवढा अभ्यास दहावीला केला असता तर... थंड करा, प्या, झोपा. गुण 50 पैकी 50.

अँटवर्पची_मावशी

बंड्या, तू झोप. नाशिककर, तू बस.

तुझी टिपणं चांगली आहेत रे, गुण मात्र भलत्याच बिअरला दिलेस. शेवट बघ: "आयपीएच्या मानाने कमी", "हॉप्स अजून हवे होते". समोर आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडू बिअर, नव्हतीच. आणि तुझ्या मेखेलेनवाल्याचे 42 सुद्धा मला जरा माहेरच्या मायेचे वाटतात. मेखेलेनहून डूव्हल बनवणारी ब्रेंडोंकची मोर्टगाट ब्रुअरी सायकलच्या अंतरावर आहे. एका टेबलावरच्या परीक्षकांचे गुण साधारण सातच्या आत यावेत अशी अपेक्षा असते. अकराचा फरक पडला, म्हणजे दोघांनी दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं लिहिली.

(माझ्याबद्दल एक ओळ, म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. मी मिरजेची. इथे एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत चव घेणाऱ्यांच्या पॅनेलवर बसते. चॉकलेट, बिस्किटं, कधी नुसतं तेल. बिअर हा घरचा नाद, सासरकडून आलेला.)

आता जात. बीजेसीपीच्या यादीत बेल्जियन गोल्डन स्ट्राँग एल आहे, क्रमांक 25सी. कडूपणा 22 ते 35 आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक), अल्कोहोल 7.5 ते 10.5 टक्के. साधी डूव्हल हे तिथलं ठळक उदाहरण. त्याच यादीत स्पेशालिटी आयपीएच्या खाली बेल्जियन आयपीए आहे, तिथे कडूपणा 50 ते 100 आयबीयू, आणि उदाहरणांत आर्देनमधल्या आशुफची ऊब्लाँ शुफ. ट्रिपल हॉप चवीला या दोघींच्या मधे पडते. स्पर्धेत पाठवायची तर कुठेतरी कोंबावी लागेल, पण तुमच्या टेबलावर तशी सक्ती कुणी केली? मी तिला सरळ साध्या डूव्हलशेजारी ठेवते आणि विचारते, तिसऱ्या हॉपने भर घातली की नुसता गोंगाट केला?

कारण दोन्हींचा पाया एकच आहे. साधी डूव्हल 8.5 टक्क्यांची, हॉप्स दोन: चेक साझ आणि स्लोव्हेनियाचा स्टिरियन गोल्डिंग. ट्रिपल हॉपमध्ये तेच दोन, वर तिसरा. 2007 मध्ये पहिल्यांदा काढली तेव्हा तिसरा अमारिलो होता. 2012 पासून दरवर्षी वेगळा घालून बघितला: सिट्रा, मग सोराची एस, मोझेक, इक्विनॉक्स, एचबीसी 291. शेवटी लोकांच्या पसंतीने सिट्रा कायमचा झाला. हा तिसरा हॉप धान्याच्या उकळत्या रसात पडत नाही, आंबून झालेल्या थंड बिअरमध्ये पडतो. ड्राय हॉपिंग. उकळताना हॉप्सचा कडूपणा उतरतो पण सुगंधी तेलं वाफेवर निघून जातात. थंडपणी घातले की सुगंध राहतो आणि कडूपणात फारशी वाढ होत नाही. तेव्हा तुला कडूपणा "कमी" वाटला तो बेतच तसा आहे. त्याचे गुण कापू नकोस.

यीस्टचं म्हणशील तर ते मूळ स्कॉटलंडचं, पहिल्या महायुद्धानंतर मोर्टगाटांनी आणलेलं. पुढे त्यावर काम केलं ते तुझ्याच लूव्हन विद्यापीठाचे प्राध्यापक जाँ डे क्लेर्क यांनी. बिअर आज दिसते तशी सोनेरी झाली 1970 मध्ये, त्याआधी गडद होती. या यीस्टचा स्वभाव फळाचा आणि मसाल्याचा: नाशपती, सफरचंद, संत्र्याची झाक, मागून मिरी किंवा लवंग. सिट्राकडून येतं पपनस, लिंबाची साल, लिची, पॅशनफ्रूट. म्हणजे मोसंबीच्या मुद्द्यावर दोघांची हद्द एकमेकांत घुसलेली आहे. तुझा गोंधळ रास्त आहे, भल्याभल्यांचा होतो.

सोडवायचा असा. दोन ग्लास घे, आधी साध्या डूव्हलचा वास घे आणि दिसेल ते लिही. मग ट्रिपल हॉप. जे दोन्हींत आहे ते यीस्टचं समज, जे फक्त दुसऱ्यात आहे ते सिट्राचं. अगदी काटेकोर नाही, कारण आंबताना यीस्ट हॉप्सच्या तेलांतही फेरफार करतं (जिरेनिऑलचं सिट्रोनेलॉल होतं, गुलाबाकडून लिंबाकडे), पण टेबलावर पुरतं.

दुसरी युक्ती नाक चिमटीत धरायची. घोट घे, तोंडात फिरव. नाक बंद असताना कळेल फक्त गोड, कडू, आंबट, बुडबुड्यांची टोचणी आणि अल्कोहोलची ऊब. हा तुझा माउथफील आणि चवीचा सांगाडा. मग गिळता गिळता नाक सोड. एकदम फळांची झुंबड येते, ते सगळं सुगंधाचं. तू "आधी गोडसर" लिहिलं आहेस ना? माझी पैज, नाक धरून प्यायलास तर ती गोडी बरीचशी गायब होईल. ही बिअर आत कोरडीच आहे, कारण रसात घातलेली साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं. पेरू आणि लिचीच्या वासावर आपला मेंदू गोडी लावून घेतो.

तिसरं तापमान. फ्रिजमधून काढली की 4 अंशांवर ती मुकी असते. 7-8 अंशांवर ओता, पहिला वास लगेच घ्या. हॉप्सचा वरचा सुगंध आधी येतो आणि आधीच जातो. मग ग्लास तसाच राहू द्या. 12 अंशांच्या आसपास नाशपती आणि मिरी वर येते, आणि अल्कोहोलही. तुझ्या कागदावर मिरीपुढे प्रश्नचिन्ह आहे, म्हणजे तू घाईत गुण भरून मोकळा झालास.

अल्कोहोलबद्दल मात्र मी तुझ्या बाजूने आहे. साध्या डूव्हलची खरी करामत 8.5 टक्के लपवण्यात आहे. ट्रिपल हॉपला 9.5 लपवता येत नाहीत. घशात ऊब असेल तर चालेल, जातीला शोभते. नाकाला नेलपॉलिशसारखं झोंबलं तर दोष. मला ऊबच वाटते, पण कोरड्या कडूपणावर बसली की शेवट खरखरीत होतो. तिथे मी कापते.

माझे गुण, ताज्या बाटलीला: सुगंध 9, रूप 3, चव 15, माउथफील 4, एकंदर 7. अडतीस. त्यांच्या पट्टीवर 38 म्हणजे "एक्सलंट"च्या उंबरठ्यावर, तुझे 31 "व्हेरी गुड"च्या तळाला.

गाळाचं: बाटलीत तळाशी साधारण सेंटीमीटरभर राहू दे. पुन्हा आंबलेल्या यीस्टचा तो थर आहे, अपाय काही नाही, पण वास पावाच्या आंबवणाकडे जातो आणि सिट्रा झाकली जाते. गुण देताना सगळ्यांचे ग्लास सारखे हवेत. तुमच्यात शेवटचा ग्लास ज्याच्या वाट्याला आला तो गढूळ बिअरला गुण देत होता.

आणि ज्या खोलीत बसता तिथे आधी फोडणी देऊ नका. हिंग-मोहरीपुढे कुठलाही हॉप टिकत नाही.

हॉपवेडा_ब्रसेल्स

मावशींचा प्रतिसाद दणदणीत. पण माझा मतभेद नोंदवा. ट्रिपल हॉपला 38 म्हणजे ब्रँडला घाबरणं आहे. सिट्रा ही अमेरिकन अत्तराची बाटली आहे, डूव्हलच्या अंगावर ओतलेली. बेल्जियन हॉपी बिअर बघायची तर दे रांकची एक्सएक्स बिटर बघा. अख्ख्या हॉप फुलांची, ब्रुअर्स गोल्ड आणि हालरटाउ मिटलफ्रू, 6 टक्क्यांच्या आसपास. फळंबिळं काही नाही, गवत, मिरी आणि असा कडूपणा की जबडा आवळतो. किंवा आमच्या ब्रसेल्समध्ये ब्रासरी द ला सेनची तारास बुल्बा, 4.5 टक्के, दुपारीसुद्धा चालते. आणि पोपरिंगेची हॉमेलबिअर, 7.5 टक्के, 1981 पासून आहे. पोपरिंगे म्हणजे हॉप्सचाच मुलूख. मार्चमध्ये तिथे हॉपचे कोवळे कोंब लोण्यात परतून देतात. बायकोला म्हटलं, ही तर आपली रानभाजी. ती म्हणाली, किंमत बघ आधी.

शैलीच्या चौकटीत गुण देणं मला पटत नाही. आवडली की नाही, बस.

अँटवर्पची_मावशी

एक्सएक्स बिटरबद्दल हजार टक्के मान्य, ती मलाही जास्त आवडते. पण आवडणं हा कागदाचा विषयच नाही. मला कारल्याची भाजी आवडत नाही, तरी कुणाची चांगली झालीय ते सांगता येतं.

सदाशिव_पेठी

पुण्यातून एक वेगळं निरीक्षण. दोन वर्षांपूर्वी एका मित्राने ब्रसेल्सहून येताना ट्रिपल हॉपच्या बाटल्या आणल्या. एक आल्या आल्या गार करून उघडली. पपनस, लिंबाची साल, खोली भरून गेली. दुसरी त्याच्याकडे कपाटावर राहिली, मधे एप्रिल आणि मे गेले. पावसाळ्यात उघडली तेव्हा पपनसाचा मागमूस नाही. मध, मार्मालेड, शेवटाला थोडा ओला पुठ्ठा. फेस मात्र तोच, रंग किंचित गडद. त्या दुसऱ्या बाटलीवर कुणी मत बनवलं असतं तर म्हणाला असता, हॉप्स कुठे आहेत? छापलेली मुदत तर पुष्कळ बाकी होती.

नाशिककर, तुमची बाटली किती जुनी होती? तुम्ही "हॉप्स अजून हवे होते" लिहिलंय म्हणून विचारतो.

नाशिककर_लूव्हन

मावशी, दंडवत. नाक धरायचा प्रकार काल घरी केला. गोडी खरंच गेली, चक्क सोडा पितोय असं वाटलं. नाक सोडल्यावर पेरू परत आला.

सदाशिवराव, मुदत कुणी बघितलीच नव्हती. बाटल्या दुकानात सवलतीत मिळाल्या म्हणून एकाने उचलल्या होत्या. दुकानाच्या काचेजवळच्या रॅकवर होत्या म्हणे.

अँटवर्पची_मावशी

घ्या! सवलतीतल्या बाटलीवर भांडताय दोघं.

सदाशिवरावांनी नेमकं बोट ठेवलंय. बाटलीत यीस्ट जिवंत असतं, उरलासुरला ऑक्सिजन ते खातं, म्हणून अशा बिअरची मुदत लांब असते. साध्या डूव्हलला ती शोभते. ड्राय हॉपिंगच्या सुगंधाला ती मुदत लागू नाही. तो काही महिन्यांत उतरतो, उष्णतेत फारच लवकर. कडूपणा जरा सावकाश ओसरतो. म्हणून जुन्या बाटलीत उलटं चित्र दिसतं: सुगंध नाही, कडू मात्र आहे, वर मधाची गोडी. हॉपी गोल्डन एल विकत घेताना मी आधी तारीख बघते, मग रॅक कुठे आहे ते, मग किंमत. काचेजवळचं ऊन आणखी एक त्रास देतं, प्रकाशाने हॉप्सच्या कडू द्रव्यांतून गंधकाचा घाण वास तयार होतो. डूव्हलची बाटली तपकिरी आहे म्हणून बराच बचाव होतो. हिरवी किंवा पांढरी असती तर पहिल्याच वासाला कळलं असतं.

आता मेखेलेनवाल्याशी भांडण मिटवायचं असेल तर त्रिकोणी चाचणी कर. आमच्या पॅनेलवर रोजची आहे. एक ताजी बाटली आणि एक त्या सवलतीतली, उरली असेल तर. प्रत्येकापुढे तीन ग्लास, त्यांत दोन सारखे आणि एक वेगळा. कोणता वेगळा, एवढंच ओळखायचं. नुसता अंदाज ठोकला तरी तिनात एकदा बरोबर येतं, म्हणून एकाच्या उत्तरावर नाचू नका, सगळ्यांची मिळून बेरीज बघा. ग्लासांवर तीन आकडी अंक लिहायचे, अ-ब-क नको, लोक "अ"ला उगीच चांगलं समजतात. मांडणीचे सहा क्रम होतात, ते आलटून पालटून द्यायचे. ओतणाऱ्याने टेबलावर बसायचं नाही, त्याचा चेहरा फितूर असतो. रंगात फरक असेल तर दिवे मंद करा किंवा अपारदर्शक कप वापरा.

वेगळा ग्लास बहुतेकांना ओळखता आला तरच पुढे गुणांची चर्चा. नाही आला तर 31 काय आणि 42 काय, दोन्ही गप्पा.

ग्लासात 6-7 सेंटीलिटरपेक्षा जास्त ओतू नका. 33 सेंटीलिटरच्या एका बाटलीत जवळजवळ 25 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आहे, बेल्जियमच्या हिशेबाने अडीच प्रमाण पेले. तीन-तीन ग्लास भरून घेतलेत तर तिसऱ्याला काहीही चांगलंच लागेल. आणि सायकलने घरी जाणार असाल तर इथे सायकलवाल्यालाही रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे, विसरू नका. मधे पाणी आणि साधा पाव. चिप्स नकोत, मीठ कडूपणा दाबतं.

बंड्या_बावधन

मी झोपलो नाही, वाचतोय. मंद दिवे, तीन आकडी नंबर, चेहरा फितूर... हे पिणं आहे की ओळखपरेड?

नाशिककर_लूव्हन

शनिवारी केलं. सवलतीतल्या बाटल्या शिल्लक होत्या, ताज्या दुसऱ्या दुकानातून आणल्या. ओतायचं काम न पिणाऱ्या एका मुलीने केलं. आम्ही सगळे मिळून सहा. वेगळा ग्लास पाच जणांनी बरोबर ओळखला. चुकलेला एकटा कोण, तर मेखेलेन! सर्दी झालीय म्हणतो.

नंतर ताज्या बाटलीला नव्याने कागद भरले. माझे 37, त्याचे 39. सुगंधाला मी 9 दिले. शेवटाच्या खरखरीतपणावर मावशींशी सहमत, तिथे चवीत 14च. मिरीपुढचं प्रश्नचिन्ह काढलं, 12 अंशांवर ती स्पष्ट होती. जुनीला सगळ्यांनी 30च्या आत ठेवलं, "मध" हा शब्द चार कागदांवर आला, कुणी कुणाचं बघितलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात ओर्वाल ठरलीय. काही सूचना?

अँटवर्पची_मावशी

ओर्वालच्या लेबलवर बाटलीत भरल्याची तारीख असते. एक अगदी अलीकडची आण आणि एक वर्ष उलटून गेलेली, दुकानदाराला विचारलंस तर मिळेल. 6.2 टक्के, तीही ड्राय हॉप केलेली, पण बाटलीत ब्रेटानोमायसेस नावाचं रानटी यीस्ट असतं. ते हळूहळू हॉप्सची जागा घेतं आणि चामडं, गोठा अशा बाजूला नेतं. तिथे जुनी म्हणजे बिघडलेली नव्हे, तेव्हा ट्रिपल हॉपचा नियम तिला लावू नका. दोन्हींना स्वतंत्र कागद भरा. मेखेलेनची सर्दी जाईपर्यंत थांबा.